आईची कन्नड

मंगळवार

मावशीचा फोन आला की आई मोबाईल घेऊन गोठ्यात जाते. आज मी विचारलंच, "अण्णापासून कामून लपवायलीस? घरात ओपन बोलावं म्हणले ना डॉक्टर." मोठ्या भावाच्या, अण्णाच्या स्किझोफ्रेनियावर एवढं वाचलंय मी, वाटलं मलाच कळतं.

आई म्हणली, "त्याला आवाज येतात न्हव, ते कन्नडात शिव्या देतात. मी कन्नड बोलले की त्याला वाटतं, मी बी त्यांच्यातलीच."

म्हणून चार वर्षं घरात नुसती मराठी. माहेरची भाषा गोठ्यात, म्हशीपाशी. मला कसं कळलं न्हाई?

धार काढायच्या टायमाला मीच गोठ्यात गेले. मोडक्या कन्नडात विचारलं, दमलीस का? आधी हसली माझ्या कन्नडाला. मग बोलतच राहिली. अर्धं समजलं न्हाई, पण उठले न्हाई.