नऊ नंबरच्या सुईचं भोक

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनातच वाकलो आहे, तेवढा गोड मानून घे.) तुझी तब्येत बरी असेल, थोरलीची आणि बाळाचीही. बाळाचं वजन किती, झोपतं कधी, रडण्यात कुणाच्या वळणावर गेलंय, हे सविस्तर कळव. मोघम "सगळं छान" लिहू नकोस. मागे फोनवर तू "छान" म्हणालीस आणि नंतर कळलं की त्या आठवड्यात घरातलं एकही माणूस तापाशिवाय नव्हतं.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. भावोजी मात्र खरोखरच खुशाल आहेत. तू थोरलीच्या बाळंतपणाला तिकडे गेल्यापासून ते सकाळी माझ्याआधी दुकानाच्या पायरीवर हजर असतात. कुलूप मी उघडतो, खुर्ची ते घेतात. भावोजींबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे (हे पत्र त्यांना वाचून दाखवायची वेळ आलीच तर इथपर्यंतच वाच). रिटायर झालेल्या माणसाला बसायला जागा हवी हे मला मान्य आहे. पण ती शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या एकुलत्या एका खुर्चीत, दाराकडे तोंड करूनच हवी असा काही कायदा नाही. गिऱ्हाईक उभं, मी उभा, आणि मधे ते बसलेले. येणारा माणूस मशीन त्यांच्या पायाशी ठेवतो, शटल अडकतंय म्हणून गाऱ्हाणं त्यांना सांगतो, आणि ते मान हलवून "बघतो" म्हणतात. बघतो मी!

असो. मुद्दा भावोजी नाहीत. मुद्दा तुझी धाकटी, म्हणजे आपली भिंगरी. ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ती कॉलेजातल्या फिल्म मंडळात आहे आणि उरलेल्या वेळात कॉमर्सला जाते. सुरुवात सिनेमापासून झाली. सात मिनिटांचा सिनेमा, मोबाइलवर काढलेला, विषय माझं दुकान. मी सगळी कामं बाजूला ठेवून तिला मशीनचा इतिहास सांगितला, टाका कसा पडतो ते सांगितलं, दोऱ्याच्या टेन्शनचा स्क्रू लोक उगाच का पिळतात ते सांगितलं. (याच विषयावर मी बोलायला लागलो की तुझी वहिनी स्वयंपाकघरात निघून जाते. भिंगरीने मात्र "अजून बोल मामा, अजून" म्हणून पुढे बोलायला लावलं.) सिनेमा झाला. त्यात माझा शब्द एक नाही, चेहरा एकदाही नाही. फक्त हात. सात मिनिटं हात. आणि मधेच खुर्चीत बसलेल्या भावोजींचा चेहरा, इतका जवळून की नाकावरचा चष्म्याचा व्रणसुद्धा दिसतो. बघणाऱ्याची साहजिकच समजूत होते की ते हात त्या चेहऱ्याचे आहेत. मनात म्हटलं, पोरगी शिकतेय.

मग तिला फोटोचं वेड लागलं. साधा फोटो नव्हे, तो तर कुणीही काढतो म्हणे. लेन्स नसलेला कॅमेरा. काळोखी पेटी, तिला एका बाजूला टाचणीएवढं भोक, समोरच्या बाजूला आत फोटोचा कागद. भोक उघडायचं आणि उघडंच ठेवायचं. जो उजेड हळूहळू आत झिरपेल त्याचं चित्र. ही पेटी तिला बाजारात मिळेना, तेव्हा ती माझ्याकडे आली. ताई, तुला माहीत आहे, मला कुणी काही शिकवलेलं नाही. मशीन उघडून उघडून शिकलो. एका जुन्या मशीनचं लाकडी झाकण घेतलं, पाठीला फळी बसवली, सांधे भरले, आतून काळा रंग दिला. उजेडाचा कण आत जाईल तर शपथ. बाहेरून अशी पॉलिश केली की भावोजींनी विचारलं, "जेवणाचा डबा का?"

राहता राहिलं भोक. आणि इथे नीट लक्ष दे, कारण पुढचा सगळा अन्याय या भोकातून आला आहे. पातळ पत्रा घेतला. भिंगरी म्हणाली, "मामा, जरा मोठं पाड. वीस मिनिटांत काम होईल." मी म्हटलं, बाई, ही चाळणी नव्हे. भोक जेवढं बारीक तेवढं चित्र रेखीव, हे तूच मला वाचून दाखवलंस ना? त्यावर ती म्हणाली, "एका मर्यादेपर्यंत." मर्यादा आपण का पाळायची? मी नऊ नंबरची सुई घेतली (तलम कापडाची, आमच्याकडे याहून बारीक येत नाही), तिचंही फक्त टोक टेकवलं, दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर फिरवला, भिंगाखाली धरून बघितलं. अगदी गोल. कड कुठे उठलेली नाही. असं भोक कारखान्यात पडत नाही ताई. भिंगरीनेही भिंग डोळ्याला लावून बघितलं. मग म्हणाली, "मामा, यातून दिवसभर उजेड घ्यावा लागेल." मी म्हटलं, घे ना, दुकान कुठे पळून जातंय?

कॉलेजात फोटोंचं प्रदर्शन होतं, विषय कामाची जागा. दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी दुकान झाडलं, हत्यारं मापाप्रमाणे लावली, बॉबिनं रंगांप्रमाणे लावली (फोटो काळा-पांढरा येणार होता हे मला माहीत होतं, पण प्रश्न शिस्तीचा आहे). त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. भिंगरीने पेटी कपाटावर ठेवली, भोकावरची पट्टी काढली आणि कॉलेजला गेली. मी दिवसभर काम केलं. नेहमीपेक्षा दुप्पट केलं, खोटं कशाला बोलू, फोटोत दिसावं म्हणून. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून कपाटापर्यंत, पायाला भिंगरी. एक शिंपीणबाई मशीन घेऊन आली, ते उघडलं, साफ केलं, चालवून दाखवलं. दोन पट्टे बदलले. एका माणसाला त्याचं मशीन बिघडलेलंच नाही हे पटवून परत पाठवलं, यात फार कष्ट पडतात. आणि भावोजी बसले होते. हातात पेपर होता. संध्याकाळी ती आली, पट्टी लावली, पेटी उचलून घरी गेली. न्हाणीघरात लाल दिवा लावून, बादल्या मांडून, तिने तो कागद धुतला.

फोटो आणि रिकामी पेटी घेऊन आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. भावोजींनी आधी हातात घेतला आणि म्हणाले, "वा! मी छान आलोय." खरंच आले होते. भरपूर आले होते. खुर्ची, खुर्चीत ते, मांडीवर पेपर. त्या पेपरावरची मोठी अक्षरं वाचता येतात ताई! म्हणजे दिवसभरात पान एकदाही उलटलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ आलं, पण त्याला काटे नव्हते, फिरत होते ना बिचारे. टेबल आलं, कपाट आलं, कालपासून पडून असलेली मशीनं आली. मी स्वतःला शोधायला लागलो. आधी वाटलं कपाटाआड असेन. मग वाटलं कागद डाव्या बाजूला कापला गेला असेल. शेवटी विचारलं, "मी कुठाय?"

"हेच तर आहे मामा!" भिंगरी म्हणाली. "जो हलतो तो येतच नाही. तू दिवसभर सगळीकडे होतास, म्हणून कुठेच नाहीस."

(अशी वाक्यं कॉलेजात शिकवतात. आमच्या धंद्यात शिवण उसवली तर उसवली म्हणतात.) म्हणजे बघ, ज्याने दिवसभर काम केलं तो माणूस गायब, ती शिंपीणबाई गायब, तो मशीन न बिघडलेला माणूससुद्धा गायब, आणि ज्याने काडी इकडची तिकडे केली नाही तो मधोमध, ठसठशीत. तुझी वहिनी फोटो बघून म्हणाली, "चला, एक दिवस तरी दुकानातून सुटलात." बायका वेळ बघून बोलत नाहीत.

तरीही मी गिळलं. प्रदर्शनाला गेलो. शर्ट तोच. फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला, आणि खाली तिने नाव दिलेलं, "माझा मामा". लोक येत, नाव वाचत, फोटो बघत, आणि शेजारी उभ्या असलेल्या भावोजींकडे आदराने बघत. मी शेजारीच होतो, पण फोटोत नसलेल्या माणसाकडे कोण बघणार? तिच्या सरांनी भावोजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आयुष्यभराची चिकाटी चेहऱ्यावर दिसते हो तुमच्या." ताई, माणूस निदान "मी तो नव्हे" एवढं तरी म्हणतो की नाही? भावोजी म्हणाले, "चालायचंच."

तिथे माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो की हा फोटो खोटा आहे, आणि काढणारीला कामाची अक्कल नाही. आवाज जरा चढला असेल. भिंगरीने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "भोक तू पाडलंस मामा. मी मोठं कर म्हणत होते." बास. पर्स उचलली आणि निघून गेली. त्यानंतर तिने दुकानात पाऊल टाकलेलं नाही. पेटी माझ्या कपाटावर तशीच आहे. तुला ती फोनवर "सगळं छान" म्हणत असेल. घराण्याची सवय.

आता भावोजींनी तो मोठा फोटो घरी आणलाय आणि दुकानात दर्शनी भिंतीवर लावायचा म्हणतात. माझ्या दुकानात. म्हणजे जो येईल तो आधी फोटो बघणार, मग खाली खुर्चीत तेच गृहस्थ त्याच पवित्र्यात बघणार, आणि माझ्याकडे वळून "अहो, मालकांना सांगा" म्हणणार. परवा एकाने मला विचारलं, "इथे किती वर्षं कामाला आहात?" तेव्हा तू फोन करून यजमानांना समज द्यावीस की फोटो लावू नये. आणि भिंगरीला सांग, हे उजेड गोळा करायचं खूळ पुरे, अभ्यास करावा. भोकाचं म्हणशील तर ते बिनचूक आहे आणि मी ते मोठं करणार नाही. कुणाच्या सोयीसाठी माप बिघडवणं मला या जन्मात जमलेलं नाही. थोरलीला आशीर्वाद. बाळाला जपून धर, मान सांभाळ.

तुझा, अजून तरी दिसणारा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात फोटो लागला. मी बाहेर गेलो असताना भावोजींनी खिळा ठोकला, आणि तो असा वाकडा की दुकान एका बाजूला कलल्यासारखं वाटत होतं. मला ते बघवेना. काढला, माप घेऊन नवा खिळा मीच ठोकला. आता सरळ आहे. सरळ करताना जवळून बघावा लागला. माझ्या टेबलाजवळ ते स्टुल आहे ना, कंबरेसाठी म्हणून तू आणलेलं आणि "बसत जा रे जरा" म्हणून तू दर वेळी बोलतेस ते? ते त्या फोटोत इतकं स्पष्ट आलंय की बैठकीचे चारही स्क्रू मोजता येतात. भावोजींपेक्षा स्पष्ट. (भावोजी मधूनमधून जांभई देतात.) दिवसभर कुणी त्याच्यावर टेकलं असतं तर ते असं आलं नसतं. पोरीने फोटोला ते नाव का दिलं असेल, यावर मी काही मत दिलेलं नाही. सांगितलं एवढंच.

ता. क. २ भावोजी गुरुवारी डॉक्टरकडे गेले होते. खुर्ची मोकळी होती. फोटोच्या दुकानातून कागद आणि तो धुवायची पावडर आणली होती. अंधारात कागद पेटीत घातला, पट्टी काढली आणि बसलो. दिवसभर बसायचं ठरवलं होतं. ताई, ते गृहस्थ हे कसं करतात मला कळत नाही. गिऱ्हाईक चुकीची सुई मागतंय हे ऐकून न उठता राहणं माणसाच्या हाताबाहेरचं आहे. कागद मीच धुतला, पावडर अंदाजाने. खुर्ची आली आहे. तिच्यात धुक्यासारखं काहीतरी आहे, आणि त्यातून खुर्चीच्या पाठीच्या पट्ट्या आरपार दिसतात. तुझ्या वहिनीने लगेच ओळखलं. म्हणाली, "कान तुमचेच."

ता. क. ३ अभ्यासाचं जे वर लिहिलंय ते भिंगरीला सांगू नकोस. रविवारी मला वेळ आहे, असं आपलं सहज बोलण्यात येऊ दे. भोकाला चौदा नंबरची, जाड कापडाची सुई वापरली. आता वीस मिनिटांत होईल. हेही सांगू नकोस, येऊन भिंग लावू दे तिला आणि बघू दे. तेवढी वीस मिनिटं मी त्या स्टुलावर बसेन.