काचेच्या भट्टीत माझा वाटा

प्रिय दादा,

चहापेक्षा स्वस्त शेअर म्हणजे कचरा, असं तू बजावलं होतंस. तरी शिवणकामाच्या कमाईतून मी त्या काच कारखान्याचे शेअर घेतलेच. काल त्यांनी भागधारकांना कारखाना दाखवला. भट्टीचं दार उघडलं आणि मी जागीच खिळले. आत जणू सूर्यच वितळत होता! एका कारागिराने नळीत फुंकर घातली आणि त्या लालभडक गोळ्यातून बघता बघता बरणी फुगत आली.

मी मागे सरकले, तसा तो हसला. "घाबरता काय बाई, कारखाना तुमचाच आहे!"

तो गमतीने म्हणाला, पण माझे डोळे भरून आले.

भाव निम्म्यावर आलाय. "विकून टाक," म्हणशील आणि मी तुझं ऐकेन. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. अजून थोडे दिवस मला त्या आगीची मालकीण राहू दे.

तुझी,
धाकटी