बटणामागचा नंबर

६ फेब्रुवारी, लोहारा
शिवणकाम दुपारीच आटोपलं. मग वेबसाइट. फुकटचं पेज बिल्डर. डावीकडच्या पट्टीतून विजेट, म्हणजे फोटोचा-बटणाचा तयार तुकडा, उचलायचं नि पानावर सोडायचं, झालं, म्हणतात. झालं कसलं! फोटोचं विजेट वर सोडलं तर खाली जाऊन बसलं. मथळ्याचा रंग बदलायला गेले, सगळ्या पानाचाच बदलला. शेवटी "आरी वर्क ब्लाउज, लोहारा" एवढं मनासारखं आलं.
अप्पा मागं येऊन उभे राहिले. "काय करायलीस गं?"
"दुकान मांडतेय अप्पा, लॅपटॉपात."
हसले. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "काय करायलीस?" आता हे रोजचंच. सासऱ्यांना सांगताना कंटाळा करायचा नाही असं ठरवलंय. तरी होतो.

९ फेब्रु., रवि.
सोनारी. अप्पा सापडत नाहीत.
काळभैरवाचं दर्शन झालं. ह्यांनी अप्पांचा हात धरलेला होता. माकडांनी नारळाच्या पिशवीवर झडप घातली, ह्यांचा हात सुटला. पिशवी ओढून परत वळेपर्यंत अप्पा गर्दीत दिसेनासे.
स्पीकरवरून पुकारलं. सगळ्या वाटांनी फिरलो. पोलिसांत कळवलं.  हे उजव्या हाताकडं बघत बसतात.

११ फेब्रु.
काल घरी आलो. थोरले भाऊजी उमरग्याहून आले. म्हटलं, माझं पान तयारच आहे, ब्लाउज काढून अप्पांचा फोटो टाकते, लिंक सगळीकडं पाठवू.
भाऊजी उसळले. "तालमीत आख्ख्या गावाला कुस्ती शिकवली त्यांनी. आता येडे म्हणून जगाला दावायचे?"
"वेडे कुठं लिहितेय? विसरतात, एवढंच लिहीन."
"न्हाय म्हणलं ना."
ह्यांच्याकडं बघितलं. हे पुन्हा हाताकडंच बघत होते. भाऊजी चहा तसाच ठेवून निघून गेले.
मी बसले. ब्लाउजचे फोटो एकेक करून पुसले. अप्पांचा फोटो टाकला तर टेम्प्लेटनं तो गोल करून टाकला, कानच कापला! अप्पांची खूण तीच. कुस्तीत चुरलेला डावा कान. सेटिंगमध्ये शोधत गेले, कोपऱ्यांच्या गोलाईची पट्टी सापडली, ती शून्यावर नेली. चौकोनी फोटो, कान पूर्ण. मथळा लाल: "अप्पा हरवले आहेत". खाली मोठं बटण: "दिसले तर लगेच फोन करा". पब्लिश केलं तेव्हा दिवेलागण झाली होती.
भाऊजींना न विचारता केलं. बघू.

१३ फेब्रु.
लिंक सगळ्या गावानं पुढं पाठवली. माहेरी, परंड्याला, भूमला, सगळीकडं गेली. पण फोन एकही नाही. कालही नाही. ह्यांनी स्वतःच्या फोनवरून माझ्या फोनवर रिंग देऊन बघितली. वाजतोय. मग?
हे म्हणाले, "कुणी बघितलंच नसंल त्यांला." कुणीच बघितलं नसेल तर त्याचा अर्थ काय, ते दोघांनाही कळत होतं.

१४ फेब्रु.
फोन का येत नव्हते ते कळलं.
सकाळी रशीदभाई आले, वडापची जीप चालवतात, गावोगाव माणसं नेतात ते. "भाभी, बटन दाबलं तर 'हा नंबर अस्तित्वात नाही' म्हणायलंय. म्हणलं येऊनच सांगावं."
लगेच बिल्डर उघडलं. बटणावर टिचकी मारली. वरच्या रकान्यात मी लिहिलेलं, बरोबर. खाली सरकवलं तर लिंकचा वेगळाच रकाना. त्यात टेम्प्लेटचा खोटा नंबर, होता तसा. बटणावरचे शब्द बदलले की झालं, असं वाटलेलं मला. खाली बघितलंच नाही.
तीन दिवस.
माझा नंबर घातला, अपडेट केलं, रशीदभाईंना दाबायला लावलं. माझा फोन वाजला. मग तोच नंबर बटणाखाली मोठ्या अक्षरांत नुसता लिहूनही ठेवला.
ह्यांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आता लागतोय न्हवं?" एवढंच म्हणाले.

१५ फेब्रु.
फोन सुरू झाले.
पहिला बार्शीहून. दवाखान्यात एक म्हातारे आहेत. हे धावत गेले. दोन्ही कान साबूत. ते नव्हेत. कुणाचे असतील बिचारे.
दुपारी भूमकडच्या ईट गावाहून एक बाई, शांताबाई. मी उचलला.
"ताई, फोटोतले आजोबा माझ्या शेतात आल्ते. बुधवारी. पाणी पेले, भाकर खाल्ली, लिंबाखाली बसले. सुनेच्या मोबाइलवर तुमचं पान आलं, तवाच बटन दाबलं. लई बार दाबलं. लागंनाच."
"तेव्हा होते का ते तिथं?"
"बसल्तेच की हो. सून म्हणली, गावात जाऊन सांगू कुणाला तरी. आमी येस्तवर उठून गेल्ते."
पुढं काय बोलले आठवत नाही. पत्ता घेतला.
भाऊजींना मीच फोन केला, बटणाचंही सांगितलं. शिव्या ऐकायची तयारी होती. त्यांनी बटणाचं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "माझा बी नंबर टाक त्या पानावर. अन् ते कुस्तीचं लिव्ह खाली. वस्ताद म्हणून लिव्ह."
लगेच टाकला. दुसरं बटण. या वेळी आधी लिंक, मग शब्द.

१६ फेब्रु., रवि., ईट
रशीदभाईंची जीप घेऊन तिघंही आलो. सोनारीहून इतक्या लांब चालत येणं शक्य नाही, कुणाच्या तरी गाडीत बसले असणार. पानावर "बुधवारी ईटजवळ दिसले" असं घातलं. शांताबाईंनी वाट दाखवली. भाऊजी नि हे बांधाबांधानं हाका मारत फिरले. "अप्पाऽऽ" इथपर्यंत ऐकू येतं.
शांताबाई माझ्याकडं रागानं बघत नाहीत. त्याचंच जास्त लागतं.
दुपारी जेवायला बसलो तोच भाऊजींचा फोन वाजला. अनोळखी नंबर. ताटावरून उठले. "व्हय. व्हय. अंगावर काय हाय त्यांच्या?... बोलत्यात का?" मग नुसतंच ऐकत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटी म्हणाले, "हात धरून बसवा त्यांला. सोडू नका. मी थोरला त्यांचा, निघालोच."
कुठं, कसे, काही न सांगता दोघं जीपकडं पळाले. हे जाताना फक्त म्हणाले, "तू इथंच थांब. फोन येत्याल."
तेव्हापासून तीन फोन येऊन गेले. ह्यांचा नाही. मी केला की लागत नाही, रस्त्यात रेंज नसेल.
शांताबाईंनी भाकरी झाकून ठेवल्यात. लॅपटॉप मांडीवर उघडा आहे. मथळ्यावर टिचकी मारली, "हरवले आहेत" हे शब्द निवडले गेले, निळे झाले.
ह्यांचा फोन येईस्तोवर तसेच ठेवलेत.