दिनूचं नाव कोणी दिलं?

४ फेब्रु., बुध.
देवळात मीटिंग. संस्थेच्या दोन मुली मनाचे आजार समजवायला आल्या होत्या. तक्ते, गप्पा, वर चहा-बिस्कुट. फुकट चहा कोण पाजतं आजकाल? निघताना चष्मेवाली जवळ येऊन हळूच, "दिनेश कसे आहेत?"

बोटीवरची नोकरी सोडून आल्यापासून सहा वर्षं माझा भाऊ दिनू घरामागच्या मांगरात, गवत-लाकडं ठेवायच्या खोपटात राहतो. स्वतःशीच बोलत असतो. आमच्या भाड्याच्या रूमवर उतरणाऱ्या टुरिस्टांना मी सांगते, आमचा गडी आहे. हिला नाव कुठून कळलं?

५ फेब्रु.
प्राचीला विचारलं. रडली, शप्पथ घेतली. लेकीवर बारा आणे विश्वास आहे. १७ तारखेला आरोंद्याची माणसं तिला बघायला येणार. मामा असा आहे हे कानावर गेलं की संपलं. उरलेला चार आणे संशय सुलूवैनीवर. शेजारीण, तिची खिडकी थेट मांगरावर. मीटिंगला चष्मेवालीला चिकटूनच बसली होती.

८ फेब्रु., रवि.
देवाला कौल लावला. गुरव म्हणे, गाऱ्हाणं मोठ्याने सांग. मी म्हटलं, मनातलं आहे, मनातच राहू दे. सुलूवैनीने सांगितलं का? देवाने उजवी दिली, म्हणजे होच. झालं तर.

१० फेब्रु., मंगळ.
वैनी बांगडे घेऊन आली. उपास आहे म्हणून दारातूनच परत पाठवली. मंगळवारचा कसला उपास माझा? तिला कळलं असणारच. कळू दे. तिच्या खिडकीसमोर माडाच्या झावळ्यांची झापं बांधून घेतली.

११ फेब्रु.
त्या दोघी थेट घरी! फाटकातच अडवलं. आमच्यात तसलं कोणी नाही, म्हटलं. चष्मेवाली भांडली नाही. मालवणात मंगळवारी डॉक्टर बसतात, आमची गाडी दहाला येते, दिनेशना सांगा, म्हणाली. नाव कोणी दिलं ते मात्र सांगेना. म्हणे, तुमचंही आम्ही कोणाला सांगणार नाही. माझं काय आहे सांगण्यासारखं? वळले तर मागे माडाला टेकून दि. उभा. सगळं ऐकलेलं.

१२ फेब्रु.
जेवणाचं ताट न्यायला गेले तेव्हा स्वतःहून बोलला.
"ताय, सुलूवैनीक कित्याक धरतंस? नाव मीच दिलंय. कानात आवाज येतत, ता पण सांगलंय. तू सगळ्यांक इचारलंस, देवाक सुद्धा. माका इचारलंस नाय."

मला वाटायचं सकाळी किनाऱ्यावर भटकतो. हा मासेमारीला, रापणीच्या जाळ्याचा दोर ओढायला जातो! मुली तिथे भेटल्या. गुरवही त्याच दोरावर, कौलाची बातमी तिथूनच. म्हणजे अख्ख्या किनाऱ्याला दि. माहीत, आणि मी लपवत बसले. लाज वाटली. खूप.

१३ फेब्रु.
मग देवाने उजवी का दिली? की त्या मुलींनीच दि.ला पढवलंय? डोकं फिरायची वेळ आली. वैनीकडे जायचं धाडस नाही.

१६ फेब्रु.
यांचा मुंबईहून फोन. उद्या दिनूला मांगरातच ठेव, डॉक्टरकडे पुढच्या मंगळवारी जाईल की. मीही तेच म्हणणार होते. तेवढ्यात दि. शर्ट घेऊन आला, इस्त्री करून मागितला. सहा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. करून दिली.

१७ फेब्रु., सकाळी पावणेदहा
झापं सोडली. वैनी खिडकीतून बघतेय. प्राची आत साडी नेसतेय. दि. पुढच्या पडवीत, पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीत. एकदाच विचारलं त्याने, "तू येतंस?" मी पोहे परतायला आत पळाले. आरोंद्याचे लोक वेंगुर्ल्याच्या बरेच पुढे आलेत. हा कोण, असं त्यांनी विचारलं तर मुलीचा मामा म्हणून सांगायचं ठरवलंय. ऐन वेळी तोंडातून दुसरंच निघालं नाही म्हणजे मिळवली, माझा माझ्यावरच भरवसा नाही.

वळणावर हॉर्न वाजला. दि. उठून उभा राहिला. संस्थेची गाडी की पाहुण्यांची, ते माडांमुळे दिसत नाही.