साकेतच्या तोंडातले फोड

नांदूरघाट, बुधवार

प्रिय ताई,

वाकून नमस्कार, गुडघे दुखतात म्हणून पत्रातूनच. बीपीची गोळी घेतेस ना?

माझा नातू साकेत आता बरा आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा. दीड वर्षाच्या पोराच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड आले. शेजारची पारूबाई शेळ्या राखते. तिने गल्लीभर सांगितलं, "पोराला लाळ्या-खुरकूत झालंय," आणि शेळ्या आमच्या दारापासून लांब नेऊन बांधल्या! माझ्या नातवाला जनावरांचा रोग? मी असं सुनावलं, की आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी कानांवर हात ठेवले असते.

डॉक्टर म्हणाले, हा लहान मुलांचा वेगळा विषाणू आहे, जनावरांशी संबंध नाही. फक्त अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका. पण चमचा दिसला की साकेत तोंड मिटायचा. सकाळपासून त्याने लघवी केली नव्हती. त्याची आई ज्योत्स्ना रडायला लागली. मीही रडले, पण आतल्या खोलीत.

तेव्हा पारूबाई आपणहून आली. "बाई, भांडण मागून करा. करडू पीत न्हाई तवा आमी असंच पाजतो." उकळून घेतलेल्या कापडाची वात ओआरएसमध्ये बुडवून ती त्याच्या ओठांत थेंब थेंब पिळत राहिली, तब्बल दोन तास.

संध्याकाळी साकेतने माझी इस्त्रीची साडी भिजवली. मी तशीच पारूबाईला मिठी मारायला गेले, तर म्हणाली, "आधी साडी बदला बाई, लई वास येतोय."

तुझी तोंडाळ,
अंजू