वळिवड्याच्या पोरीची पणती

आई, ऐकलंस तर तुझा विश्वास बसायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावर पोलंडची बाई राहते! इथं दोह्यात वर्ल्ड कपसाठी स्टेडियमं बांधायला जगभरातनं माणसं आलीत, माझा लेक, तुझा नातूही त्यातलाच, अन ही त्याच्याच हापिसातली. मला एवढा आनंद झाला की जिन्यातच तिचा हात धरला. म्हटलं, "बाई, आमच्या आईनं तुमच्या लोकांना दूध घातलंय." नातू म्हणतो, "आई, तिला मराठी कळत नाही." म्हटलं, मग तू सांग इंग्रजीत, शिकवलं कशाला!

दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेली ती पोलंडची माणसं आपल्या कोल्हापूरला वळिवड्याच्या कॅम्पात येऊन राहिलेली. तू दूध मापतेस, मी तुझ्या पदराला धरून उभी, आणि कॅम्पातली एक बाई मोडक्या हिंदीत तिच्या गावाचं सांगते. बाजाराचा चौक, त्यात उभे घोडे, आंबवलेल्या काकड्यांची पिंपं. आणि नोव्हेंबर लागला की पहिल्याच दिवशी सगळं गाव दफनभूमीत दिवे लावायला जायचं. एकही थडगं अंधारात ठेवायचं नाही. ज्याचं कुणी नाही, त्याचा दिवा शेजाऱ्यानं लावायचा. मग तिचीच पोरगी तापानं गेली, माझ्याएवढी. कॅम्प उठला, तेव्हा जाताना तिनं तुझे हात धरले, पोरीच्या थडग्याच्या दिशेनं बघितलं. तूच म्हणालीस, "जा बाई, मी हाय न्हवं." मरेपर्यंत दर साली त्या थडग्यावर पणती घेऊन गेलीस. बायका म्हणायच्या, "गोऱ्यांच्या भुताला तेल घालती." तू म्हणायचीस, "भुताला न्हाई, पोरीला." तुझ्यामागं मी जात होते. आता गुडघे गेले, नातू इकडं घेऊन आला, आणि पोरीचं थडगं अंधारात. हेच मला खात होतं.

यंदा नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात नातवाच्या साइटवर साताऱ्याकडचा एक फिटर वरनं पडला. गेल्या शुक्रवारी आमच्याकडं पिठलं-भाकरी खाऊन गेला होता, "आजी, मिरची कमी पडली" म्हणत. कागदपत्रं होईपर्यंत शवागारात आहे. घरी बायको वाट बघतीय. नातू जेवत नाही, नुसता भिंतीकडं बघत बसतो. दिवेलागणीला वरची बाई काचेच्या पेल्यातली मेणबत्ती घेऊन खाली आली. तिच्या गावात तोच दिव्यांचा दिवस होता. स्वयंपाकघरात बसवलं तिला आणि पोरीचं सगळं सांगितलं. रडली गं. मग म्हणाली, आणि नातवानं मला मराठीत सांगितलं, "आमच्याकडं दफनभूमीच्या फाटकापाशी मोठा क्रूस असतो. जे लांब मेले, ज्यांचं थडगं गावात नाही, त्यांचे दिवे तिथं लावतात."

"म्हणजे लांबनं लावलेला चालतो?"

"चालतो. आमच्या अर्ध्या गावाचे तसेच आहेत."

मग स्टीलच्या ताटात लावले. तिची मेणबत्ती, पोरीची पणती, फिटरची पणती. ती नातवानं लावली. काडी विझायची, मी परत ओढून द्यायची. जेवला नाही तो तरी. पण दिव्यांच्या ताटासमोरनं उठलाही नाही.

मी अजून एक पणती लावली. "ही कुणाची?" नातवानं विचारलं. म्हटलं, त्या कॅम्पातल्या बाईची. हे पत्र काय, इथंच पिठाच्या डब्याखाली पडून राहणार, म्हणून तुला सांगते. बाईची नव्हती ती. तुझी होती.