जर्मन पान्याला हळद

कनेरगाव नाका,
कार्तिक वद्य पंचमी

आदरणीय साडूसाहेब भीमराजजी यांना तातेरावचा डाव्या हाताने नमस्कार. (उजवा प्लास्टरमध्ये आहे. कसा गेला ते पुढे येईलच, घाई करू नये.) सुभद्राताईंनाही नमस्कार. तुमची शुगर, ताईंचे गुडघे आणि तुमच्या गल्लीतला नळ या तिघांची खुशाली कळवावी. आमच्याकडे हात सोडला तर सगळं बरं आहे. हळद कमरेएवढी झाली, दोन शेळ्या व्याल्या आणि तुमच्या मेहुणीचा, म्हणजे आमच्या शालूबाईचा, आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे.

फोन का केला नाही असं विचाराल, तर केला होता. माघ महिन्यापासून करतो आहे. तुम्ही उचलत नाही, आणि ताई उचलतात त्या 'हे अंघोळीला गेलेत' म्हणतात. नऊ महिने कोणी अंघोळ करत नाही एवढं मलाही कळतं. म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कापता येत नाही. लिहून लेक वैष्णवी देत आहे. शालूबाईचं अक्षर हिच्यापेक्षा चांगलं, पण ती मी सांगतो ते न लिहिता स्वतःला पटेल ते लिहिते. वैष्णवीला सक्त ताकीद दिली आहे की मी बोलेन तेवढंच उतरवायचं. (काका, त्याहून थोडं कमीच उतरवते आहे. शिव्या गाळल्या आहेत. — वै.)

आता मूळ मुद्दा. तुम्ही रागावलात ते सोमेश्वरवरून, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही वैष्णवीसाठी स्थळ आणलंत. मुलगा वाळूजला हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात, मूळ घर कळमनुरीकडचं, आईबाप सरळ, पोरगं निर्व्यसनी. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत असल्याचं त्याच्या आईच्या तोंडावर दिसत होतं. तिथंच थांबलो असतो तर आज तुम्ही फोन उचलत असता. पण मी त्या पोराला माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात नेलं आणि माझा जर्मन पाना त्याच्या हातात दिला.

हा पाना तुम्ही शंभरदा पाहिला आहे, तरी त्याची हकीकत पुन्हा सांगतो, कारण सांगायला मला आवडते. पूर्णा-अकोला रेल्वेचा रूळ मोठा होत होता त्या वर्षी एका मद्रासी इंजिनिअरचं जनरेटर मी भर उन्हात चालू करून दिलं. त्यानं खूश होऊन हा पाना बक्षीस दिला आणि म्हणाला, जर्मन कंपनी. तेव्हापासून तो दुकानाच्या भिंतीवर मारुतीच्या फोटोशेजारी आहे. आमच्या भिंतीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यात वर जर्मनी. त्याखाली जपानचे पेचकस. त्याखाली तैवान. त्याखाली जालंधरचे पाने, म्हणजे आपले. आणि चीनचा माल भिंतीवर नाहीच, तो खाली बादलीत. गिऱ्हाइकाचा पंप किती बिघडला आहे हे मी तोंडाने सांगत नाही, कोणत्या देशाला हात घालतो त्यावरून त्याला कळतं. हे वर्गीकरण मी स्वतः केलं आहे. (कोणालाही न विचारता. — वै.)

तर मी पोराला विचारलं, हा पाना आणि तुझ्या कारखान्यातला पाना, फरक सांग. मला वाटलं होतं, लाजेल. तो लाजला नाही. म्हणाला, "काका, कंपनी एका देशाची ऱ्हाते आन् कारखाना दुसऱ्याच देशात. आमच्याकडं एकाच साच्यातून चार कंपन्यांचे पाने निघतेत. नाव शेवटाला ठोकतेत." मी म्हटलं, "मंग दर्जा कुठून येते?" तर म्हणाला, "देशातून न्हाई येत. पोलाद कोणतं घेतलं, त्याला तापवून पाणी बराबर दिलं का, आन् खराब निघालेला पाना कोणी बाजूला काढला, त्याच्यावर हाय. ज्या कंपनीला जास्त पारखून लागते तिचा माल आमी जास्त बाजूला काढतो. मी तेच काम करतो."

साधं उत्तर होतं. आता मला साधं वाटतं. त्या वेळी मात्र डोक्यात असं काही गेलं की मी बैठकीत येऊन सगळ्यांसमोर बोललो, एकाच साच्यातला माल चार नावांनी विकणाऱ्या घरात मी लेक देणार नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. (नसतं चाललं. — वै.) पण पुढे तुमच्याकडे वळून म्हणालो की, साडूसाहेब, तुम्ही आणलेल्या स्थळाचंही तसंच, खोक्यावर एक आणि आत दुसरं. तुम्ही हातातला सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला, चप्पल घातली आणि हिंगोलीच्या गाडीची वाट न बघता चालत नाक्यावर गेलात. ती चाल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तुम्ही गेल्यावर माझंच खरं आहे हे सिद्ध करणं भाग पडलं. मी हिंगोलीला जाऊन निरनिराळ्या देशांची सहा हत्यारं आणली आणि घरी येऊन चष्मा लावून खोकी वाचली. इथून तकलीफ सुरू झाली. जपानी पेचकसाच्या खोक्यावर पुढे जपानची कंपनी आणि मागे बारीक अक्षरात तैवान. अमेरिकन म्हणून घेतलेला पकडपाना चीनमध्ये झालेला. इंग्लंडच्या नावाची हातोडी निघाली आपल्याच पंजाबातली. एका पक्कडीवर तर कंपनी एका देशाची, पोलाद दुसऱ्या देशाचं आणि जोडणी तिसऱ्या देशात असं सरळ छापलं होतं, म्हणजे त्या पक्कडीनं माझ्या अख्ख्या खानदानापेक्षा जास्त प्रवास केला होता. माझ्या भिंतीवर हिला कुठं टांगायचं हे मला दोन दिवस ठरवता आलं नाही. ती उंबऱ्यावरच पडून होती.

मग म्हटलं, खोकं राहू दे, काम बघू. चिनी पक्कडी दोन होत्या, एक बाजारात चादरीवरून उचललेली, एक दुकानातून पारखून घेतलेली. चादरीवरची पहिल्याच तारेला दाताड पडून मोकळी झाली. मी आनंदानं शालूबाईला हाक मारली. शालूबाई येईपर्यंत दुसरीनं तीच तार अशी कापली की मला आवाजसुद्धा आला नाही. एकाच देशाच्या दोन पक्कडी, आणि एक रद्दी, एक सोनं. जालंधरच्या पान्यांचंही तेच, तीन उत्तम आणि एकाचा जबडा फाकला. शालूबाईनं विचारलं, काय सिद्ध झालं? मी म्हटलं, अजून चालू आहे. ते आठ महिने चालू राहिलं.

एवढं झालं तरी माझ्याकडे जर्मन पाना होता. सगळं जग गोंधळलेलं असलं तरी भिंतीवर वरच्या खिळ्याला एक गोष्ट पक्की होती. आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या दुकानातली सगळी हत्यारं डिझेलनं धुऊन, पुसून, पाटावर मांडून पूजा होते. धुण्याचं काम लहानपणापासून वैष्णवीचं, पूजेचं माझं. यंदा तिनं आधीच ओली हळद करून सगळ्या हत्यारांना स्वतः बोटांनी चोळली होती. मी काही म्हटलं नाही, हळदीच्या जिल्ह्यात हळदीला कशाला आडवं यायचं. मी अगरबत्ती ओवाळतो तोच प्रभू आला. (प्रभू म्हणजे आमच्या मागच्या वावरातला, हळद घासायचा ड्रम असलेला. फवारणीच्या बाटल्या वाचून वाचून त्याला इंग्रजी येतं.) प्रसादाचा हात पुढे करता करता तो पाटाकडे वाकला आणि म्हणाला, "तात्या, ह्या पान्यावर मागून इंडिया लिवलंय. मेड इन इंडिया. तुमचं जर्मनी आपल्यातलंच निगालं की."

मी चष्मा लावला. पुढच्या बाजूला कंपनीचं ते लांबलचक जर्मन नाव होतंच. पण पाना पाटावर उलटा मांडलेला होता, आणि इतक्या वर्षांच्या तेलामातीत बुजलेली बारीक कोरीव अक्षरं हळद भरून अशी पिवळीधमक उठली होती की आंधळ्यानं वाचावीत. साडूसाहेब, खरं लिहितो, मला फार वाईट वाटलं. पाना देशी निघाला याचं नाही. त्या पोराला मी ज्या कारणासाठी घालवलं ते कारण सतरा वर्षं माझ्याच भिंतीवर, मारुतीशेजारी टांगलेलं होतं, याचं वाटलं.

पण वाईट वाटलं की लगेच शहाणं व्हावं हे आमच्या घराण्यात नाही. मी म्हटलं, हा नकली आहे. असली असता तर जर्मनीत झाला असता. नकली असेल तर मोडेल, चल मोडून दाखवतो. प्रभूच्या ड्रमचा एक बोल्ट गेल्या हंगामापासून गंजून बसला होता. तिथं जाऊन मी पाना लावला, पान्याला पाच फुटी पाइप लावला आणि पाइपाला स्वतःला लावलं. पहिल्या जोराला काही नाही. दुसऱ्या जोराला काही नाही. तिसऱ्याला कडाड्कन आवाज झाला आणि मी ड्रमवरून खाली. प्रभू ओरडला, "मोडला, मोडला." मी पडल्या पडल्या विचारलं, "पाना?" तो म्हणाला, "न्हाई तात्या, बोल्ट. आन् तुमचा हात."

पाना जसाच्या तसा होता. जबड्यावर ओरखडा नाही. मनगट तीन ठिकाणी मोडून लोंबत असताना मला त्या पान्याचा असा आनंद झाला की प्रभूला वाटलं, डोक्यालाही लागलं. हिंगोलीला नेलं. हाडाच्या डॉक्टरांना मी सवयीनं विचारलं, हे जे लावता ते कोणत्या देशाचं? ते म्हणाले, "चाचा, प्लास्टर है. चुपचाप लेटो." मी लेटलो. लेटल्यावर माणसाला विचार करावाच लागतो, दुसरं काही करता येत नाही.

तर भिंत मी बदलली आहे, म्हणजे वैष्णवीला सांगून बदलवली आहे. आता देश नाहीत. जे नीट काम करतं ते वर, जे करत नाही ते बादलीत. ती चांगली चिनी पक्कड मारुतीच्या डाव्या बाजूला आहे, जपानी नावाचा एक पेचकस बादलीत गेला. जर्मन पाना होता तिथंच आहे, फक्त उलटा टांगला आहे, मागची अक्षरं दिसतील असा.

तुम्हाला पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की सोमेश्वरच्या कारखान्यातला बारा रिंगपान्यांचा एक सेट मला हवा आहे. कोणत्याही नावाचा चालेल. फक्त त्यानं स्वतः तपासलेला असावा. तुमच्या ओळखीनं व्हावं. माघात मी तुम्हाला जे बोललो ते मी बोलायला नको होतं, हेही याच कागदावर लिहून टाकतो म्हणजे वेगळं पाकीट लागणार नाही. (हे वाक्य अण्णांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. — वै.)

तुमचा,
तातेराव
(सही डाव्या हाताची असली तरी माझीच आहे.)

ता. क. पान्यांचा सेट कुरिअरनं पाठवू नये. जड माल वाटेत गहाळ होतो. त्यानं स्वतः घेऊन यावं. रविवार असल्यास बरं. आईवडील सोबत असले तरी ओझं उचलायला मदतच होईल. तुम्ही आणि ताई तर पाहिजेतच, कारण पाने मोजून घ्यायला घरातलं मोठं माणूस लागतं. शालूबाईला पुरणाचं सांगून ठेवलं आहे. पुरणाचा पान्यांशी काही संबंध नाही.

ता. क. २. त्याचं अजून कुठं जमलेलं नाही ना, हे आधी बघावं. म्हणजे पान्यांच्या दृष्टीनं.

ता. क. ३. काका, हे मी लिहिते आहे. अण्णांना पत्र वाचून दाखवलं, ते शेतात गेले, आता पाकीट चिकटवण्याआधी लिहिते. त्या पान्यावर मागं काय लिहिलंय ते मला आठवीत असल्यापासून माहीत आहे. धुते मीच ना. दर खंडेनवमीला मी तेवढी जागा न घासता ठेवायची आणि वरून ग्रीसचं बोट फिरवायची, कारण अण्णा तो पाना लोकांना दाखवताना फार खूश असायचे. माघात मी चहाचे कप न्यायला दुकानात गेले तेव्हा सोमेश्वर पाना उलटा धरून उभे होते. अण्णांची पाठ होती. त्यांनी अंगठ्यानं ग्रीस बाजूला केलं, वाचलं, माझ्याकडं बघितलं, ग्रीस परत होतं तसं सारखं केलं आणि पाना खिळ्याला टांगला. मग बैठकीत अण्णा त्यांना एवढं बोलले, तेव्हा एका शब्दात उत्तर देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही. आठ महिने मी वाट बघितली की अण्णा आपले आपण वळतील. नाही वळले, म्हणून यंदा ती जागा घासली आणि हळद लावली. हात मोडेल असं मला वाटलं नव्हतं, त्याबद्दल मी रोज त्यांना भरवते आहे. सोमेश्वरांचं दुसरीकडं ठरलं असेल तर अण्णांना नुसते पाने पाठवून द्या, कारण सांगू नका. ठरलं नसेल तर त्यांना एवढंच सांगा की रविवारी मी घरी आहे.